आत्यांची हुग्गी

आत्या गेल्या, म्हणून आज आमच्या घरी गहू शिजला.

आज त्यांचं वर्षश्राद्ध.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहीण. आमच्याकडं मामाची पोरगी करतात, तसं त्यांनी मला भावाकडून मागून आणलं होतं.

लग्नानंतर माझं पोट बिघडलं ते सुधरेचना. वजन उतरत चाललं. लोक म्हणाले, नजर लागली. आत्यांनी लिंबू उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन सोलापूरची एसटीही धरली. दोन्ही बाजू सांभाळून असायच्या.

डॉक्टर म्हणाले, सिलियाक आहे. गहू, मैदा, रवा सगळं बंद. आयुष्यभर. कणभरसुद्धा चालणार नाही.

परत येताना मी रडत होते. आत्या म्हणाल्या, "गहूच बंद केलाय न्हवं? भाकरी कुणी काढून घेतलीय का तुझी?"

पण भाकरी खाऊनही त्रास थांबेना. मग आत्या शोधाला लागल्या.

गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि त्याच्यावरच आपली ज्वारी पडते, हे त्यांच्या लक्षात आलं. गोठ्यात पडलेलं जातं धुऊन काढलं, पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेतली. गुडघे दुखत असताना माझ्यापुरतं पीठ घरी दळायला लागल्या.

तरी पोट दुखायचंच.

शेवटी चोर सापडला हिंगात. डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून आमच्या आमटीत हिंग नाही.

आत्यांना वाचता येत नव्हतं. त्यामुळं दुकानात प्रत्येक पॅकेट त्या दुकानदाराकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या. मागं लाईन लागली तरी. मला लाज वाटायची, त्यांना अजिबात नाही.

कुणाच्या लग्नाला गेलो की माझी भाकरी त्यांच्या पिशवीत. पंगतीत माझ्या शेजारी बसून त्याही तीच खायच्या. हुग्गी वाढायला कुणी आलं की पानावर हात आडवा. हुग्गी म्हणजे आमच्या भागातली गव्हाची खीर. तिच्याशिवाय पंगत उठत नाही.

"दात दुखत्यात गं. गोड न्हाय सोसत."

मला ते खरंच वाटायचं.

त्याच दातांनी त्या रानात ऊस सोलून खायच्या. माझ्यासमोर.

काल नणंदेला फोन केला. नैवेद्याला काय करू, आत्यांना काय आवडायचं ते सांगा म्हटलं.

ती म्हणाली,

"आईला हुग्गी लई आवडायची, वैनी. वाटीवर वाटी खायची. तुमचं दुखणं निघालं आन् तिनं सोडली. माझ्या घरी केली तरी न्हाय खाल्ली. म्हणली, पोरीला जे मिळत न्हाय ते मी कसं खाऊ तिच्या देखत. आन् मागं तरी कसं खाऊ."

मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी खाली बसले. खूप रडले.

इतकी वर्षं. एक वाटीसुद्धा नाही.

आज हुग्गी मीच केली. नणंद नको नको म्हणत होती. तिच्याच घरचं पातेलं, अंगणात चूल, नंतर साबणानं स्वच्छ हात, असं सगळं कबूल केलं तेव्हा गप्प बसली. ती सांगत गेली, मी करत गेले. गहू मऊ शिजवले, गूळ घातला, खोबरं, खसखस, सुंठ.

नैवेद्य आधी चाखायचा नसतो. आणि नंतर मला चाखता येणार नाही. गूळ कमी पडला की जास्त झाला, ते मला कधीच कळायचं नाही.

ते तुम्हीच बघा, आत्या.

तुमच्या फोटोसमोर पान वाढलंय. शेजारी मी माझी भाकरी घेऊन बसलेय, पंगतीत बसायचो तशी.

आज दाताचं कारण सांगू नका.

माझ्या देखत, पोटभर जेवा.