अर्जाची शेवटची ओळ

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. अक्षर बरं, म्हणून गावातले अर्जही माझ्याकडूनच लिहून घेतात. तक्रार बांधाची असो की नळाची, शेवटी एक ओळ ठरलेली — ‘सदर अर्ज कोणत्याही आकसापोटी केलेला नाही.’ माझी मदतनीस मंदा एकदा शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, आकस म्हणजे काय. मी ऐटीत सांगितलं — मनात अढी धरायची आणि दुसऱ्याचं वाईट करायला टपून बसायचं. नुसता राग म्हणजे आकस नव्हे. राग तोंडावर निघतो आणि संपतो.

अर्थ मला इतका नीट ठाऊक होता. तरी —

मंदानं माझं काय बिघडवलं होतं? काहीच नाही. रडकं पोर माझ्या मांडीवरून उतरून तिच्याकडे जायचं. एकदा सुपरवायझर मॅडम आल्या, मुलांनी गाणी म्हटली, कुणी शिकवली विचारल्यावर सगळ्यांनी तिच्याकडे बोट केलं. मी हसले. आतून जळून गेले. एवढ्याशा गोष्टीवरून — लिहितानाही लाज वाटते.

त्या हिवाळ्यात तिचा नवरा कोपरगावकडे ऊसतोडीला गेला होता, तिथं तो आजारी पडला. मंदा रजा मागायला आली. मीच म्हटलं, जा, मी सांभाळते, कागदबिगद नको. पंधरा दिवसांत ती परत आली. पण तेवढ्यात मी पाथर्डीला जाऊन एक अर्ज टाईप करून घेतला होता — मदतनीस गावात राहत नाही, दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला जाते. खाली ‘एक ग्रामस्थ’. आणि हो, ती ठरलेली ओळही घातली. टाईप करणारा विसरला होता, मीच आठवण केली.

नोटीस आली, तेव्हा उत्तर लिहून घ्यायला ती कुणाकडे येणार? माझ्याकडेच. म्हणाली, “लिवा ताई, कुनीतरी आकसानं केलंय.” मी विचारलं — मला विचारवलं तरी कसं? — संशय कुणावर आहे.

“नाव नका टाकू कुनाचं. उगा एखाद्यावर आळ यायचा.”

अजूनही वेळ गेली नव्हती. चौकशीत साहेबांनी मला एकटीला आत बोलावून एकच विचारलं, रजा तुम्ही दिली होती का? मी म्हटलं, ती मला काही बोललीच नव्हती. बाहेर येऊन मंदाला सांगितलं, खूप समजावलं गं, ऐकतच नाहीत. तिनं माझा हात धरला.

तिला कामावरून कमी केलं. तेव्हापासून ती दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते, दोन्ही लेकरं घेऊन. थोरलीची शाळा सुटली. मी अर्जात लिहिलेलं खोटं असं खरं झालं. मला कुणी भरीला घातलं नव्हतं. मी सगळं समजून-उमजून केलं.

यंदा दिवाळीनंतर टोळी निघाली, तेव्हा ती घराची किल्ली घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, “तुमच्याबिगर कुनावर इस्वास न्हाई, ताई.”

मी हात पुढे केला आणि किल्ली घेतली.