क्लाइव्हची गाडी आणि एका विटेची भिंत

माझा नवरा क्लाइव्ह मुखदुर्बळ नाही. फुटबॉलवर बोलेल, सरकारवर बोलेल, टोमॅटोवरच्या किडीवर तर ताटातलं गार होईपर्यंत बोलेल. बोलायला हवं तेवढं मात्र सोडून. आमच्या यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या बाजूचे पुरुष बहुतेक असेच घडवलेले असतात, पण याच्या वेळी देवाचा हात जरा जास्तच चालला. आणि शेजारी मिळाला तो नॉर्मन अ‍ॅक्रॉइड, त्याच मुशीतला.

दोघं शाळेपासूनचे दोस्त. गालिच्याच्या गिरणीत एकदमच लागले, क्लाइव्ह रंगखात्यात आणि नॉर्मन माग दुरुस्त करायला. मागाला हात लावायच्या आधी नॉर्मन नुसता कान द्यायचा आणि कुठला भाग सैल झालाय ते सांगायचा. विशीत दोघांनी मिळून एक किट कार मागवली. तेव्हा ती टूमच होती. तयार गाडी कुणाला परवडणार? मग कंपनी फायबरची बॉडी, लोखंडी सांगाडा आणि पोतंभर नटबोल्ट पाठवायची, आणि इंजिन आपण कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीतून काढून बसवायचं. सोबत जोडणीची कृती दिली तर सरकार कर लावायचं. म्हणून कंपन्या गाडी सुटी कशी करायची त्याची कृती द्यायच्या, आणि आमचे बहाद्दर ती शेवटून सुरुवातीकडे वाचत गाडी जोडायचे. असला कारभार फक्त आमच्याच देशात चालतो.

दोन हिवाळे खपून गाडी उभी राहिली. हिरवी, बुटकी, दोन सीटची, छप्पर नावापुरतं. क्लाइव्हच्या डोळ्यांत मी प्रेम पहिल्यांदा पाहिलं ते तिच्याकडे बघताना. माझा नंबर नंतर लागला.

माझे वडील नव्हते, म्हणून लग्नाच्या दिवशी मला चर्चला नॉर्मननं आणायचं ठरलं, त्याच गाडीतून. माळावरचा चढ चढून वर आलो, वारा लागला, खाडकन आवाज झाला आणि बॉनेट उडालं. आमच्या डोक्यावरून मागे, थेट मेंढ्यांत. गाडी चरात गेली. माझ्या डोक्यावरची जाळी बॉनेटच्या मागोमाग गेली ती आजतागायत सापडलेली नाही. उरलेला रस्ता मी कोळशाच्या ट्रकमधून पार केला, पांढऱ्याशुभ्र झग्यात.

चर्चच्या पायऱ्यांवर क्लाइव्ह वाट बघून पांढराफटक पडला होता. मी धडधाकट दिसले तशी त्याची भीती गेली आणि राग आला.

"बॉनेट नीट लावलं नव्हतंस," तो नॉर्मनला म्हणाला.

"लावलं होतं."

"मग काय मेंढ्यांनी उघडलं?"

सगळं वऱ्हाड खो खो हसलं. नॉर्मनचे कान लालबुंद झाले. त्यानं खिशात सांभाळलेली लग्नाची अंगठी काढून दिली, जेवणाच्या वेळी भाषण केलं, आणि चांगलं केलं. त्यानंतर गाडीचा शब्द म्हणून त्याच्या तोंडून निघाला नाही. क्लाइव्हच्याही नाही.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला शेवट असतो. आमचं घर नॉर्मनच्या घराला जोडून, मागची गॅरेजंही जोडून, मध्ये एका विटेची भिंत. रोज सकाळी दोघं कुंपणाशी भेटायचे.

"गारठा आहे."

"हो. दुपारनंतर पाऊस येईल."

"येईलसं दिसतंय."

संपलं. पस्तीस-छत्तीस वर्षं या दोघांनी यॉर्कशरच्या आभाळावर चर्चा केली. नॉर्मननं लग्न केलं नाही. मी दर रविवारी त्याला ताट नेऊन द्यायची, भाजलेलं मटण, आमच्याकडचं खारं पुडिंग, वर ग्रेव्ही. गाडी आमच्या गॅरेजमध्ये, मेंढ्यांतून उचलून आणलेल्या बॉनेटसकट, ताडपत्रीखाली पडून होती.

पुढे गिरणी बंद पडली, मुलं आपापल्या वाटेला गेली, क्लाइव्ह निवृत्त झाला आणि दिवसभर माझ्या पायांत पायांत यायला लागला. शेवटी मीच म्हटलं, "ती तुझी पहिली बायको बाहेर काढ एकदाची."

काढली. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. सांगाडा गंजून पापुद्रे सुटले होते. क्लाइव्ह मात्र दहा वर्षांनी तरुण झाला. सकाळचा चहा घेऊन जो गॅरेजमध्ये शिरायचा तो मी हाक मारीपर्यंत तिथंच. गंज खरवड, फायबरच्या भेगा भर, पॉलिश पेपर मार. माझ्या जेवणाच्या टेबलावर कार्ब्युरेटर, आणि माझ्या चांगल्या बशीत स्क्रू.

एके दिवशी तो स्वयंपाकघरात आला आणि हातातली वस्तू टेबलावर ठेवली. बॉनेट अडकवायची कडी. कडी घट्ट बंद होती, आणि तिच्या बुडाला फायबरचा फाटका तुकडा तसाच चिकटलेला.

"हे बॉनेटच्या आतल्या बाजूला लोंबत होतं," तो म्हणाला. "इतकी वर्षं."

"म्हणजे?"

"म्हणजे नॉर्मननं लावलं होतं. कडी बंदच आहे बघ. कडीचं भोक काठाच्या फार जवळ पाडलंय, म्हणून फायबर फाटलं." कडी उलटी करून म्हणाला, "भोकं मी पाडली होती."

"मग जा आणि सांग त्याला. चहाला पाणी ठेवते, दोघांचा ठेवते."

"असा कसा जाऊ? रिकाम्या हातानं?" त्याला खरोखरच पटत नव्हतं. "गाडी नीट होऊ दे. त्याला शेजारी बसवतो, माळावर नेतो, त्याच जागी गाडी थांबवतो आणि सांगतो."

मला तेव्हा ते आवडलंसुद्धा. पण क्लाइव्हचं नीट म्हणजे काय ते मला ठाऊक असायला हवं होतं. चार हिवाळे गेले. रंग दिला, आवडला नाही, खरवडून पुन्हा दिला. बॉनेटच्या कड्या तर तीनदा बदलल्या. आणि भिंतीपलीकडे नॉर्मनचा खोकला वाढत चालला. गिरणीतली लोकर छातीत बसली होती. आधी जिन्यावर धाप लागायची, मग कुंपणापर्यंत येतानाही लागायला लागली.

एका रविवारी ताट घेऊन गेले तर नॉर्मन म्हणाला, "एक सिलिंडर मिसिंग मारतोय. तिसरा असावा."

"कुणाचा?"

"तुझ्या नवऱ्याचा. त्या इंजिनात तो पूर्वीपासून त्रास द्यायचा. टायमिंग बघायला हवं."

"अरे मग सांग की त्याला!"

"विचारलं तर सांगेन." त्यानं बटाटा ग्रेव्हीत बुडवला. "मी कुठं राहतो ते ठाऊक आहे त्याला."

घरी येऊन क्लाइव्हला म्हटलं, नॉर्मनला एकदा बोलाव. तर हा म्हणतो, "त्याला यावंसं वाटलं तर येईल. मी कुठं राहतो ते ठाऊक आहे त्याला."

दोघांना एका पोत्यात घालून वरून बडवावं असं वाटलं मला. मग मीच एकदा चहा देता देता सोडून दिलं, "तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय वाटतं. टायमिंग बघ ना जरा." ज्या बाईला आयुष्यात गाडीत पेट्रोल कुठून भरतात ते ठाऊक नाही, ती हे बोलली. क्लाइव्ह पाना हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. काही विचारलं मात्र नाही. दोन दिवसांनी इंजिन असं चालायला लागलं की स्वयंपाकघरात मलासुद्धा फरक कळला.

त्याच सुमारास एकदा मी चहा घेऊन गॅरेजच्या दाराशी गेले तर आत बोलण्याचा आवाज. वाटलं, आला बाई नॉर्मन! दार ढकललं तर क्लाइव्ह एकटाच, गाडीत बसलेला, शेजारच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून. "नॉर्मन, भोक मी पाडलं होतं. चूक तुझी नव्हती. सगळ्यांदेखत बोललो ते माझं चुकलं." मग डोकं खाजवून पुन्हा पहिल्यापासून. मी तशीच मागे फिरले. रोजचंच होतं ते, नंतर माझ्या लक्षात आलं. दिवसाचं काम उरकलं की हा सीटची माफी मागायचा. आणि सकाळी कुंपणाशी जाऊन म्हणायचा, "आज वारा पडलाय." ताकाला जाऊन भांडं लपवायची ही खोड मरेपर्यंत जायची नाही त्याची.

एप्रिलमध्ये गाडी सरकारी तपासणीत पास झाली. तपासणाऱ्या पोरानं फेरी मारून आल्यावर विचारलं, विकायची आहे का? क्लाइव्ह म्हणाला, "नाही. एकाला फिरवायचंय."

पहिल्या रविवारी सकाळी त्यानं दाढी केली, टाय बांधला. माळावर जाताना टाय! नॉर्मनच्या पुढच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

"काय झालं?"

"पडदे लावलेले आहेत. झोपला असेल. आजारी माणसाला उगाच कशाला उठवायचं."

दुसऱ्या रविवारी पाऊस. तिसऱ्या रविवारी पुन्हा पडदे. "दुपारी जा," मी म्हटलं. "दुपारी माणूस जरा आडवा होतो," हा म्हणाला. चौथ्या रविवारी नॉर्मनच्या दारात त्याच्या भाचीची, ऑड्रीची, गाडी उभी. "पाहुणे आलेत. आत्ता गेलो तर बरं दिसणार नाही."

ऑड्री त्याला इस्पितळात न्यायला आली होती. नॉर्मन तिथून परत आला नाही.

मी क्लाइव्हला टाकून बोलले नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं असेल. तो अंत्यविधीला तोच टाय बांधून आला. लोकांशी हवापाण्याचं बोलला, सँडविच खाल्लं. ऑड्री म्हणाली, "मामाला तुमच्या गाडीचा भारी नाद होता. हिवाळ्यापासून मी मधूनमधून राहायला यायची ना, तर हा उठला की थेट मागे स्वतःच्या गॅरेजमध्ये. पुढचे पडदे उघडायचंसुद्धा भान नसायचं. रविवारी तर बाहेर निघाल्यासारखा कोट घालून जायचा."

क्लाइव्हनं हातातली बशी खाली ठेवली.

ऑड्रीला घर रिकामं करायचं होतं. गॅरेजमधली हत्यारं तुम्हीच घ्या म्हणून तिनं किल्ली दिली. आम्ही दोघं गेलो. हत्यारं भिंतीवर ओळीनं टांगलेली, तेल लावलेली. आणि मधल्या भिंतीला टेकवून एक जुनी आरामखुर्ची, पाठ भिंतीकडे, डोकं टेकतं तिथं विटेवर तेलकट डाग. खुर्चीच्या हातावर एक चामडी टोपी होती. मी ती लगेच ओळखली. माझ्या लग्नाच्या दिवशी गाडी चालवताना त्यानं घातली होती. ब्रश मारून चकचकीत केलेली.

क्लाइव्ह त्या खुर्चीत बसला. डोकं भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, "ब्रेंडा, आपल्या गॅरेजमध्ये जा. गाडीत बस."

"इंजिन चालू करू?"

"नको. मी तिथं बसून काय बोलायचो ते तुला ठाऊक आहे. तेच बोल. मोठ्यानं नको, नेहमीच्या आवाजात."

मी गेले. गाडीत बसले, त्या बुटक्या सीटवर गुडघे हनुवटीला लागले. शेजारी रिकामी सीट. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, आणि कुणाचा ते सांगता येईना. मी म्हटलं, "नॉर्मन, भोक मी पाडलं होतं. चूक तुझी नव्हती. सगळ्यांदेखत बोललो ते माझं चुकलं."

परत आले तर क्लाइव्ह तसाच बसलेला. टोपी मांडीवर होती, आणि तो रडत होता. माझ्यासमोर तो कधी रडला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही.

"ऐकू आलं?"

"शब्द न् शब्द."

मी तिथल्याच एका खोक्यावर बसले. "म्हणजे त्याला ठाऊक होतं," मी म्हटलं. "सगळं ठाऊक होतं आणि मेला नुसता बसून राहिला! भिंतीवर एक थाप मारायची होती. ओरडायचं होतं, झालं गेलं, ये आता. का नाही आला तो, क्लाइव्ह?"

क्लाइव्हनं टोपीवरची नसलेली धूळ झटकली.

"कसा येणार? मी गाडीला सांगत होतो. त्याला कुठं सांगितलं?"