काकांच्या गळ्यातली चावी

काकांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला एक चावी असायची. आम्ही तिला चावी म्हणायचो, पण ती होती अंगठ्याएवढी प्लास्टिकची पट्टी. पासवर्ड घालून, ती लॅपटॉपमध्ये खोचून तिच्यावर कुणीही बोट टेकलं की कंपनीचं मूळ खातं उघडायचं. ॲरिझोनात डायलिसिस केंद्रं चालवणाऱ्या या कंपनीचं सगळं क्लाउडवर होतं: पेशंटच्या वेळा, मशीनच्या नोंदी, कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं ते. हे सगळं सांभाळायला आम्ही दोघंच होतो. काका माझे सख्खे कुणी नव्हते, पण इथे चँडलर गावात आल्यापासून मी त्यांना काकाच म्हणत आले.

त्या खात्याच्या चाव्या दोन होत्या. एक त्यांच्या गळ्यात असायची. दुसरी माझ्याकडे होती आणि घर बदलताना ती हरवली. नवी मागवून नोंदवायला अर्धा तास लागला असता, पण त्यासाठी काकांना सांगावं लागलं असतं. ते रागावले नसते. ‘बरं’ एवढंच म्हणून त्यांनी अर्ज भरला असता. त्या ‘बरं’ची मला लाज वाटत होती. दोन महिने मी पुस्तकांचे खोके उपसत राहिले आणि तेवढ्यात काका गेले. हार्ट अटॅक, मंगळवारी, जेवणाच्या टेबलावर.

शुक्रवारी सकाळी काकांच्या अंत्यविधीसाठी फ्युनरल होमच्या पार्किंगमध्ये गाडी लावत असताना मॅनेजरचा फोन आला. पहाटेपासून कुणीतरी एका हेड नर्सच्या खात्यातून आत शिरलं होतं. त्याने स्वतःसाठी नवी खाती काढली होती, माझं खातं बंद केलं होतं आणि आता तो बॅकअप पुसत होता. सकाळच्या पेशंटचं कागदावर निभत होतं, पण दुपारनंतर कागदावर उतरवायलाही काही उरणार नव्हतं. त्याला बाहेर काढता येईल असं एकच खातं होतं, ते मूळ. पासवर्ड मला पाठ होता.

“यू हॅव युअर की, राइट?” मॅनेजरने विचारलं.

“दहा मिनिटं द्या,” मी म्हणाले.

चावीशिवाय खातं परत मिळवायचं तर क्लाउडवाल्या कंपनीला आपली ओळख पटवून द्यावी लागते आणि त्यात दिवस जातात. काकांची चावी घरी टेबलावर असेल, काकूंकडून घराची किल्ली घेऊन धावत जाऊन आणता येईल, असा माझा हिशेब होता.

आत वीसेक माणसं बसली होती. काका पेटीत होते, पांढऱ्या झब्ब्यात. गळ्यात तुळशीची माळ होती आणि तिच्याखाली तो काळा दोरा. पाऊण तासाने पेटी आत दाहिनीत जाणार होती.

काकू पहिल्या रांगेत होत्या, शेजारी त्यांची मुलगी. मी त्यांच्या पायाशी बसले.

“काकू, काकांच्या गळ्यातलं ते मला हवं आहे. ऑफिसची चावी आहे ती.”

“ते? मला वाटलं ब्लडप्रेशरचं काहीतरी. आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. म्हणून म्हटलं, जाऊ दे बरोबर.”

“आर यू सीरियस?” मुलगी म्हणाली. “कॅन्ट इट वेट टिल टुमारो?”

“उद्या ती नसेल,” मी म्हणाले. “आणि पेशंटच्या नोंदीही नसतील.”

काकूंनी विचारलं, “दुसरी नाही का? हे तर घरातल्या प्रत्येक कुलपाच्या दोन-दोन करून घ्यायचे.”

“आहे. चालत नाहीये.”

किती सहज बोलून गेले मी ते. काकू उठल्या. दोऱ्याची गाठ मानेमागे होती. “धर गं डोकं,” त्या मुलीला म्हणाल्या. मुलीने दोन्ही हातांनी वडिलांचं डोकं उचललं. फ्युनरल होमचा माणूस पुढे आला आणि तिथेच थांबला. काकूंच्या नखांना गाठ सुटेना. मागे कुणीतरी कुजबुजलं, “काय शोधतायत?” शेवटी दोरा डोक्यावरून काढला आणि काकूंनी चावी माझ्या हातात दिली. ती थंड होती.

मी गाडीत बसले, एसी लावला, फोनवरून नेट घेतलं. चावीवर बोट टेकलं आणि खातं उघडलं. खात्यांच्या यादीत तीन नावं अनोळखी होती. मी बॅकअप पुसणं थांबवलं, मग त्यातलं एक बंद केलं. तेवढ्यात यादीत चौथं आलं. म्हणजे तो अजून आत होता आणि काम करत होता.

काचेवर टकटक झाली. मुलगी उन्हात उभी होती.

“मॉम वोन्ट लेट देम स्टार्ट. शी सेज दे हॅव टू वेट फॉर यू. हाउ लाँग?”

“सहा मिनिटं.”

“ओके. आय’ल टेल देम सिक्स.”

नऊ लागली. नर्सचं खातं बंद केलं, उरलेली तीनही बंद केली, सगळ्यांची लॉगिन एकदम तोडली. यादी पुन्हा उघडली, परत उघडली. नवं काही येत नव्हतं. मॅनेजरला फोन करून सांगितलं आणि लॅपटॉप तसाच सीटवर टाकून आत पळाले.

सगळे उभे होते. काकूंनी विचारलं, “झालं?”

“झालं. बरंचसं वाचलं.” मला तिथून हलता येईना. “काकू, दुसरी चावी माझ्याकडून हरवली आहे. दोन महिने झाले. मी काकांना सांगितलं नव्हतं.”

त्यांनी पेटीशेजारच्या ताटातलं एक फूल उचलून माझ्या हातात ठेवलं. “मग आता सांग. अजून आहेत.”

मी पेटीपाशी गेले, फूल ठेवलं आणि वाकून हळू आवाजात सगळं सांगितलं. कोणत्या तारखेला हरवली तेही सांगितलं. कामात त्यांना तारीख लागायची.