साडूभाऊंनी पसंत केलेलं घर

भोर गावात अशी एकही भिंत उरलेली नाही, जी माझ्या थोरल्या साडूंनी हुंगलेली नाही. मी वाढवून सांगतोय असं वाटेल, पण फार नाही. लोक फुलं हुंगतात, अत्तर हुंगतात. आमचे साडूभाऊ भिंती हुंगतात. घरात शिरायचं, चपला काढायच्या, सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी जायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि नाक भिंतीला टेकवून डोळे मिटायचे. आमच्याकडचा पाऊस पश्चिमेकडून, डोंगरावरून झोडपत येतो. ओल असली तर तिथंच असणार, आणि रंगाचे कितीही हात मारले तरी ती साडूभाऊंच्या नाकातून सुटत नाही. एसटीत कंट्रोलर म्हणून जन्मभर गाड्या सोडलेला माणूस या विद्येकडे कसा वळला, हे आमच्या सासुरवाडीला पडलेलं कोडं आहे. पण आज भोरमध्ये कुणाला चार पैसे घरात गुंतवायचे झाले, एखादा फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचा झाला, की तो वकिलाच्या आधी साडूभाऊंना गाठतो. फी एक कप चहा. सोबत बिस्कीट दिलं तर ते लाच समजतात.

मलाही एकदा या गुंतवणुकीचा झटका आला होता. कापूरहोळला फाट्याजवळ नवी इमारत झाली होती आणि भाडेकरू रांगा लावतील असं एजंट छातीठोकपणे सांगत होता. साडूभाऊंनी भिंत हुंगली, मान डोलावली आणि मला म्हणाले, झोपा. भर दुपारी, कोऱ्या फरशीवर, एजंटच्या देखत मी आडवा झालो. हायवेवरून एक ट्रक गेला, मागोमाग दुसरा गेला, मग समोरच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकायला घेतला. ज्या घरात तुम्हाला डोळा लागत नाही, तिथं भाडेकरू कशाच्या जिवावर राहील, असं साडूभाऊंनी विचारलं आणि माझी गुंतवणूक तिथंच आटोपली. वेल्ह्याकडे पासलीला पुण्याच्या एका जोडप्यानं बंगला पसंत केला होता. सुट्टीत आपण राहायचं, एरवी भाड्यानं द्यायचा, असा बेत. गॅलरीतून समोर डोंगर दिसायचा, आणि एजंटनं तो इतक्या वेळा दाखवला की खरेदीखतात डोंगरही लिहून देतो की काय असं वाटावं. साडूभाऊंनी एवढंच विचारलं, की पावसाळ्यात तो डोंगर कुठं असतो. धुक्यात असतो, हे एजंटला कबूल करावं लागलं. शिवाय घर बघून झालं की साडूभाऊ शेजारी पाणी प्यायला जातात. अर्ध्या तासानं परत येतात तेव्हा त्यांना नळाला पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर कोण कुणाशी बोलत नाही आणि आधीचा भाडेकरू का सोडून गेला, हे सगळं ठाऊक झालेलं असतं.

एवढं असून या गृहस्थांनी स्वतः आजवर एक वीटसुद्धा विकत घेतली नाही. प्रत्येक घरात काहीतरी खोट निघायची. लग्न झाल्यापासून ते आणि आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, दोन खोल्या आणि पुढे पडवी अशा भाड्याच्या घरात राहत आले. घरमालक पुण्याला. दिव्याखाली अंधार तो हाच, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो आणि तेही हसायचे.

गेल्या श्रावणात, म्हणजे साडूभाऊंच्या मते घर बघायच्या खऱ्या हंगामात, कापूरहोळचा तो पत्रा ठोकणारा गॅरेजवाला माझ्याकडे आला. मध्यंतरी त्याच्याशी चांगली ओळख झाली होती. त्याला भोरमध्ये पहिलंच घर घ्यायचं होतं, भाड्यानं द्यायला. एजंटनं मोबाईलवर पत्ता पाठवला होता आणि साडूभाऊंनी हो म्हटल्याशिवाय गॅरेजवाला पुढे जाणार नव्हता. आम्ही तिघं एसटी स्टँडवरून चालत निघालो. गॅरेजवाला म्हणाला, घर जुनं आहे पण बरं आहे म्हणतात, फक्त आत भाडेकरू आहेत. म्हातारं जोडपं आहे, सांगितलं की उठतील, असं एजंट म्हणाला होता. साडूभाऊ रस्त्यातच थांबले.

"भाडेकरू असल्यालं घर कदी घेऊ नये," त्यांनी बजावलं. "आदी त्याला उठवायचं, मग सही. लई चिवट जात असती ती."

गॅरेजवाला मोबाईलमध्ये बघत पुढे, आम्ही मागे. वळणं ओळखीची होत चालली तसं साडूभाऊंचं बोलणं कमी झालं. शेवटी तो ज्या दारासमोर थांबला, तिथं पडवीत आक्कांचं लुगडं वाळत होतं.

घरमालकानं त्यांना एका शब्दानं कळवलं नव्हतं. मला वाटलं, आता हे भडकणार. त्यांनी चपला काढल्या, दारात आलेल्या आक्कांना घर बघायला आलेत म्हणून परक्यासारखं सांगितलं आणि पश्चिमेच्या भिंतीला नाक लावलं. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. त्यांनी नुसतं 'ओल' म्हटलं असतं, तर गॅरेजवाला आल्या पावली परतला असता आणि भोरमध्ये त्या घराला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नसतं. राहतं घर राहिलं असतं. ते इतका वेळ तसेच उभे राहिले की आक्का चहा घेऊन आल्या.

"कोरडी हाय," साडूभाऊ वळून म्हणाले. "छपार गळत न्हाई. दुपारचा हितं वारा येतो, झोप लई चांगली लागती. येवढी घरं बगितली म्या, असं न्हाई मिळायचं. घ्या."

गॅरेजवाल्यानं भाडेकरूचं विचारलं.

"उठंल त्यो," साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी कप उचलला.

खरा प्रकार मी गॅरेजवाल्याला दुसऱ्या दिवशी सांगितला. तो बिचारा ओशाळून धावत आला, काका, तुम्हीच राहा, मला दुसरा भाडेकरू नको, म्हणून विनवू लागला. साडूभाऊंनी त्याला समोर बसवून, भाडेकरू असलेलं घर का घेऊ नये, हे पुन्हा पहिल्यापासून समजावून दिलं. मला त्या माणसाचा विलक्षण राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त माया वाटली. दिवाळीच्या आत साडूभाऊंनी उत्रोलीला, आपल्या भावाच्या शेजारी, दोन खोल्या घेतल्या. पुन्हा भाड्यानंच.

टेम्पो भरायला मी गेलो होतो. साडूभाऊ आधीच पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते. आक्का रिकाम्या घराच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावत होत्या. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही त्यांना अडवलं कसं नाही?

"लगीन होऊन आले तवापासनं हे ह्या घराला नावंच ठेवत आले," आक्का म्हणाल्या. "अंदारं हाय, अडचणीचं हाय, पुढल्या वर्षी बदलू. म्या आपली सारवत, पुसत, रंगवत ऱ्हायले. त्या दिवशी पयल्यांदा चांगलं म्हणाले. मदीच कसं अडवू?"

मग त्यांनी दाराला कडी घातली आणि पदरानं हात पुसत टेम्पोकडे गेल्या.