दाराजवळची खुर्ची

बाळंतपणाची रजा संपवून शाळेत आले, त्याच दिवशी शिपायानं माझ्या वर्गाबाहेर घंटा बडवली. मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. तशी दचकले आणि परकर ओला! वाटलं, पाण्याची बाटली सांडली. बाटलीचं झाकण घट्ट होतं.

हे कुणाला सांगायचं नसतं म्हणे. म्हणून तर असे किस्से साठतात. आमच्या औरादच्या शाळेत स्टाफरूमभर साठलेत. मी सांगणार!

*

मधल्या सुट्टीत मंगलअक्कांच्या कानात सांगितलं. त्या गणिताच्या, आमच्यात सगळ्यात सीनियर.

"एवढंच व्हय!" त्या मोठ्यानं हसल्या. "मला वाटलं, नवऱ्यासंगं भांडलीस."

मग उलगडलं, स्टाफरूममध्ये पंख्याखालची खुर्ची रिकामी आणि दाराजवळच्या खुर्चीसाठी भांडणं कामून. दारासमोरच बाथरूम!

मी तिथं बसायला गेले, तर हिंदीच्या सुजाता टीचरनी चटकन पर्स ठेवली. "तुझं एकच हाय ना? हितं बसायला दोन बाळंतपणं लागतात!"

*

गॅदरिंगला लेडी टीचर्सनी एकसारखी साडी नेसायची, असं हेडसरांनी ठरवलं. कलर क्रीम.

चहात आलं घालायचं की वेलची, यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. त्या दिवशी दोन मिनिटांत झालं.

"सर, क्रीम मळतंय."

"सर, मला क्रीम लाभत न्हाई."

"सर, डार्क मरून," मंगलअक्कांनी निकालच दिला.

सर चक्रावले. "अहो, एवढी एकजूट पेपर तपासताना दाखवा की!"

खरं कारण कुणी बोललं नाही. मीही नाही.

*

आमच्या गल्लीत सासूबाईंना फार मान. प्रवासाच्या दिवशी त्या निर्जळी उपास धरतात. उदगीरचं लग्न असो की बिदरचा बाजार, घोटभर पाणी नाही. परवा बसमध्येच चक्कर येऊन पडल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, पाणी पिऊ नको असं देव म्हणलाय का?"

"देवाला कामून मधी आणायलीस? बस मधी थांबतीय का?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी राग आला. "मला असं न्हाई जगायचं. मी दवाखान्यात जाणार."

"ह्याला दवाखाना?" सासूबाई म्हणाल्या. मग तांब्यातलं पाणी गटागटा प्यायल्या.

*

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सांगितलं, "बाळंतपणानंतर होतं असं. पाणी कमी प्या."

मी उठले नाही. "मॅडम, पाणी कमी प्यायला आमच्या घरात सगळ्यांना येतं. इलाज सांगा."

मॅडमनी चष्मा काढला. "खालचे स्नायू सैल पडतात. त्याचे व्यायाम असतात. नीट शिकून करावे लागतात. बिदरला एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत." त्यांनी नंबर लिहून दिला. दार लागलंय ना, ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "फरक पडला तर मलाही सांगा."

*

फोन स्टाफरूममधूनच लावला. सगळ्याजणी पेपर तपासायचं नाटक करत होत्या. रिंग वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सोड की," मंगलअक्का म्हणाल्या. "एकदा सवय झाली की काय वाटत न्हाई."

"मला सवय करायची न्हाई, अक्का."

परत लावला, आणि नेमके हेडसर वेळापत्रक घेऊन आत! सुजाता टीचर डोळे मोठे करून खुणवायला लागल्या, ठेव, ठेव! तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. मी सरळ स्पीकर ऑन केला.

"हेळ्री अक्का..." बिदरच्या बाई कानडीत म्हणाल्या आणि माझं 'नमस्कार मॅडम' ऐकून मराठीवर आल्या, "हां, बोला, बोला. कवापासून त्रास हाय?"

मी उत्तर द्यायच्या आत मंगलअक्का, सरांच्या देखत, टेबलाच्या त्या टोकावरून ओरडल्या, "आधी माझं सांग गं! थोरला इंजिनिअरिंगला गेलाय म्हणावं!"