धुरात फेल झालेले मामा

सगळे पास झाले आणि नेमके गायकवाड मामाच फेल.

मी ताथवड्याच्या एका छोट्या स्टुडिओत थ्री-डी ग्राफिक्स करते. चाकणच्या एका कंपनीसाठी आगीचं ट्रेनिंग बनवलं होतं. डोळ्यांवर हेडसेट लावायचा, समोरची खोटी पेंट शॉप, म्हणजे रंगकामाची शेड, धुराने भरते, एक्झिटचा दिवा शोधत वेळेत बाहेर पडायचं. मामा तिथले फायर मार्शल. खऱ्या आगीतून दोन माणसं बाहेर काढलेला माणूस.

एचआरचे देशपांडे म्हणाले, "सिस्टीम फेल म्हणतेय. मार्शल बदलावा लागेल."

मामा हेडसेट टेबलावर ठेवून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एक दिवस मागून घेतला.

दार तपासलं, दिवा तपासला, टायमर तपासला. सगळं बरोबर. धूर थोडा विरळ केला. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा फेल. कालची ट्रेनी पोरं मात्र बागेत फिरल्यासारखी बाहेर. माझं डोकं पार चक्रावलं. आता स्क्रीनवर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून तिसऱ्या वेळी मामांकडेच बघत बसले. ते गुडघ्यांवर रांगत होते.

"मामा, खाली का बसता?"

"धूर वर जातो न्हाई का, मॅडम. खाली दिसतं. तुमच्यात खालीबी तेवढाच हाय. मग नुसता उशीर होतो."

कप्पाळ माझं. आमच्या धंद्यातलं सोपं धुकं म्हणजे एक हिशेब: वस्तू डोळ्यापासून जितकी लांब, तितकी पुसट. उभं राहा नाहीतर झोपा, त्याला फरक पडत नाही. मी तेच धुकं राखाडी करून धूर म्हणून खपवलं होतं.

मग धूर छताशी दाट आणि जमिनीशी विरळ केला. दिव्याचा उजेडही धुराच्या कणांवर आपटून फाकेल असं केलं. आता उभं राहिलं की चोहीकडे नुसता पांढरट झगमगाट, दार कुठे ते कळेना. वाकलं की दाराची चौकट स्वच्छ.

मामा पहिल्या झटक्यात पास झाले. ट्रेनी सगळे फेल. देशपांडे भिंतीला धडकून फेल. मार्शल मामाच राहिले, आणि दुपारी त्यांनी देशपांड्यांना रांगायला शिकवलं.

कोणी फेल झालं की मी आता आधी पेपर कोणी काढला ते विचारते. त्या वेळी तो मी काढला होता.