शिरीषचा डबा आणि धरलेली जागा

नागपूर स्टेशनवर मी आजवर एकही डबा चुकवलेला नाही. जपानमध्ये एक चुकला.

डबा म्हणजे काय, ते बाहेरगावच्या लोकांना सांगावं लागतं. नागपूर देशाच्या मधोमध. कुणी दिल्लीहून मद्रासला निघो की मुंबईहून कलकत्त्याला, आमच्या प्लॅटफॉर्मवरून गेल्याशिवाय त्याची सुटका नाही. मग पोस्टकार्ड येतं, ‘या गाडीने जात आहोत, भेट व्हावी.’ भेट व्हावी याचा अर्थ पोळ्या आणाव्यात. मी प्रताप नगरहून रिक्षा करते आणि डबा घेऊन हजर होते. गाडी आमच्याकडे भरपूर थांबते. डबा द्यायचा, मागच्या खेपेचा रिकामा मागून घ्यायचा, कोण वाळलं कोण सुटलं ते पाहायचं, लहानांनी पाया पडायचं, मोठ्यांनी पाठीवरून हात फिरवायचा आणि शिट्टी झाली की दोन पावलं गाडीबरोबर चालायचं. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. (लग्नात सासूबाईंनी मला दागिना एकच घातला, पण डबे सात दिले. दूरदृष्टी होती त्यांना.)

ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या यांच्या हिंगण्याच्या कारखान्यात एक जपानी यंत्र आलं आणि ते शिकून घ्यायला यांना ओसाकाला पाठवलं. शिक्षण संपल्यावर आठवडाभर सुट्टी होती, म्हणून मीही गेले. परदेशी पाहुण्यांसाठी तिथे रेल्वेचा एक पास मिळतो. तो इथूनच काढून नेला होता. आठवडाभर कुठेही चढा, कुठेही उतरा, कितीही वेळा! आणि साध्या गाडीत नव्हे, त्या गोळीसारख्या सुटणाऱ्या बुलेट ट्रेनमध्ये.

ही बातमी कळताच माझ्या थोरल्या नणंद, कुसुमताई, वनस्पती तुपाचा पिवळा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचा शिरीष जपानमध्येच एका कारखान्यात दोन वर्षांच्या शिक्षणाला होता.

“सुमन, यात बेसनाचे लाडू हायेत, सांडगी मिरची हाय, तिळाची चटणी हाय. त्याच्या हातात दे.”

“देते, ताई.”

“डब्याचं जाऊ दे वं. तू त्याले डोळ्यानं पाहून ये. पत्रात नुसतं लिहून राहिला, मी मजेत, मी मजेत. मजेतला माणूस एवढ्यांदा लिहिते का? वाळला का, खंगला का, डोळे खोल गेले का, नीट पाह्य. तुझ्या भावजींना पाठवत नाही मी या कामाले, अन् तुझ्या नवऱ्याले तं नाहीच नाही. बायकांनाच दिसते ते.”

मी शब्द दिला. माणूस पाहणं हे तर माझं कामच! गाडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं वजन मी प्लॅटफॉर्मवरून सांगते.

आता शिरीषचं गाव ओसाकाहून टोकियोच्या वाटेवर. त्याच्याकडे त्या दिवशी जेमतेम तासभर मोकळा होता, पुढे ड्यूटी. आमच्या पासाचा तो शेवटचा दिवस आणि दुसऱ्या सकाळी परतीचं विमान. मी फोनवर त्याला सांगितलं, “तू प्लॅटफॉर्मवर ये. आम्ही तसेच पुढे टोकियोला जाऊ, राजवाडा पाहू अन् रात्री परत.”

“मामी, गाडी इथं एकच मिनिट थांबते.”

“बाप्पा! डबा देऊन तोंड पाहायले एक मिनिट तं पुष्कळ झालं.”

“अवं, पण आपण दोघंही उतरू ना तिथं,” त्या दिवशी गाडीत बसल्यावर हे म्हणाले. “तासभर बसू त्याच्याजवळ. मागून दुसरी गाडी आहे. पास आहे ना आपल्याजवळ?”

हे वाक्य मी नीट लिहून ठेवते आहे, कारण त्या दिवसात एवढं शहाणपणाचं दुसरं कुणी बोललं नाही. मी तर नाहीच.

“अन् जागा?” मी म्हणाले.

“कोणती जागा?”

“खिडकीची! धरलेली जागा सोडून कोणी उतरते का?”

कुठेही, कितीही वेळा उतरण्याचा पास पर्समध्ये घेऊन मी हे म्हणाले. पण आमच्याकडे गाडीत जागा मिळणं म्हणजे काय असतं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रवास केलेल्यांनाच कळेल. मी सवयीने खिडकीपाशी रुमाल टाकला होता, शेजारी शाल, पलीकडे यांची टोपी. बोगीत आमच्याशिवाय चार माणसं होती आणि तीही लांब लांब बसून झोपलेली. तरी मी यांना बजावलं, “मी दारातून डबा देते अन् येते. तुम्ही हलू नका.”

“आणि पास?”

“माझ्याजवळ असू द्या.”

दोघांचेही पास माझ्याकडेच होते. यांच्याकडे दिलेली वस्तू सापडत नाही असं नाही. सापडते, पण दुसऱ्यांना.

शिरीषचं स्टेशन जवळ आलं. गाडी त्या वेगातून इतक्या हळुवारपणे थांबली की कपातला चहासुद्धा हलला नसता. दार उघडलं, तर दारासमोरच निळ्या कोटातला एक उंच मुलगा! (तिथे कुठलं दार कुठे येणार ते खाली आखलेलं असतं. आमच्याकडे बोगी कुठे येणार यावर हमाल पैजा लावतात.) मी खाली उतरले. आता तोंड पाहणार, एवढ्यात ते तोंड खाली गेलं. शिरीष माझ्या पाया पडला.

कुसुमताईंनी पोराला वळण चांगलं लावलं आहे, त्याला मी काय करू?

मी डबा खाली ठेवला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि “औक्षवंत हो, मोठा हो,” असं सगळं यथासांग म्हटलं. यथासांगला वेळ लागतो. दोन्ही पायांना हात लावता लावता खालूनच त्याने विचारलं, “मामा कुठे?”

“आत. जागा धरून बसले.”

मी डबा उचलायला वाकले, तेवढ्यात तो उभा राहिला. मी उभी राहिले, तेवढ्यात तो गाडीत होता. “मामाच्या पाया पडून येतो, मामी!” एवढं ऐकू आलं आणि दार लागलं.

आमच्याकडे गाडी सुटते म्हणजे काही तरी सुटतं. शिट्टी, झेंडा, धक्का, कुणाचं तरी धावणं. इथे आवाजच नाही. खिडकी माझ्यासमोरून सरकली तेव्हा आतलं सगळं स्वच्छ दिसलं. हे ताठ बसलेले, एका बाजूला रुमाल, दुसऱ्या बाजूला शाल, आणि पायाशी वाकलेला शिरीष. पुढच्या क्षणी प्लॅटफॉर्म रिकामा होता.

म्हणजे आता हिशेब असा झाला. गाडीत दोन माणसं, पास एकही नाही. प्लॅटफॉर्मवर एक बाई, पास दोन, शिवाय डबा. तेव्हाही यांनी जागा सोडलेली नव्हती, हे मला मान्य करावं लागेल.

माझ्याजवळ पास नसता तर मी काय केलं असतं? तिथल्याच बाकावर बसले असते. पण पास असला की माणूस विचार करत नाही, चढतो. मागची गाडी आली आणि मी चढले. मनात म्हटलं, दोघं पुढच्या स्टेशनवर उतरून माझी वाट पाहत असतील. यांच्याजवळ पास नाही, आता तपासनीस त्यांना धरेल, खोलीत बसवून ठेवेल, उद्याचं विमान जाईल, हिंगण्याचं यंत्र बंद पडेल! डबा मांडीवर घेऊन मी वाऱ्याच्या वेगाने घाबरत होते.

पुढचं स्टेशन आलं. आमची गाडी थांबली आणि मी खिडकीतून पाहते तर पलीकडच्या प्लॅटफॉर्मला उलट दिशेने जाणारी गाडी उभी. तिच्या खिडकीत हे! आणि शेजारी शिरीष, असावा. कारण तो मला शोधत मागच्या बाजूला तोंड करून होता.

मी काचेवर टकटक केली. दोन गाड्यांच्या दोन बंद काचा आणि मध्ये रूळ, पण बायकोची टकटक ऐकू न येताही कळते. यांनी पाहिलं. लगेच तळहात माझ्याकडे करून हलवला.

आमच्या घरात तळहात दाखवला की त्याचा अर्थ ‘पुरे, आता वाढू नको’. मी इथे काय वाढत होते?

यांनी शिरीषच्या खांद्यावर थापटून माझ्याकडे बोट दाखवलं. तो वळला. मी काचेला नाक लावलं. आणि त्या पोराने, गाडीत, काचेआडून, दोन्ही हात जोडून मला वाकून नमस्कार केला! तोंड पुन्हा खाली. ते वर यायच्या आत त्यांची गाडी सुटलेली होती. माझ्या गाडीचं दार लागायच्या आत मी डब्यासकट बाहेर उडी मारली, एवढंच माझं कर्तृत्व.

उलटी गाडी धरून मी पुन्हा शिरीषच्या स्टेशनवर आले. प्लॅटफॉर्मवर एका बाकावर हे एकटेच बसले होते. हातात माझा रुमाल, मांडीवर शाल.

“शिरीष कुठे?”

“ड्यूटीवर गेला. उशीर झाला त्याले.”

“अन् तुम्हाला पकडलं नाही?”

“काहून पकडतील? चुकून पुढं गेलो म्हणून शिरीषनं सांगितलं. तो तपासनीस बिचारा टोपी काढून वाकला अन् त्यानंच परतीच्या गाडीत बसवून दिलं.”

मी घाबरून घाबरून दमले आणि इकडे यांचा सत्कार झाला.

“मग मघाशी हात काहून हलवला?”

“थांब म्हणून सांगून राहिलो होतो. तिथंच थांब, असं.”

“म्हणजे तुम्ही परत येणार होते मला घ्यायला?”

“नाही. तू थांबणार नाही हे मले माहीत होतं. म्हणून मीच इथं थांबलो.”

शिरीषने निरोप ठेवला होता, डबा स्टेशनच्या फाटकावर तिकिटं पाहणाऱ्या माणसाजवळ द्या, संध्याकाळी नेतो. पांढरे हातमोजे घातलेल्या त्या माणसाने तो पिवळा डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तोही कमरेत वाकला. त्या देशात त्या दिवशी मला कुणी तोंड दाखवायलाच तयार नव्हतं. हातात न दिलेला डबा मी मोजत नाही, म्हणून तो चुकला असं म्हणते. टोकियोचा राजवाडा राहिला तो राहिलाच.

नागपूरला आलो त्याच संध्याकाळी कुसुमताई हजर. हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता त्यांनी विचारलं, “पाह्यला?”

मी यांच्याकडे पाहिलं. “यांना विचारा, ताई. हे बराच वेळ त्याच्या शेजारी बसले होते.”

“कसा आहे रे माझा शिरीष?”

“बरा आहे,” हे म्हणाले.

“बरा म्हणजे?”

“म्हणजे बराच आहे. नीट कुठं पाह्यलं, ताई? आम्ही दोघंही सारा वेळ खिडकीतून बाहेर पाहून राहिलो होतो. इले शोधत.” मग बूट काढता काढता ते म्हणाले, “हो, दिवाळीले येतो म्हणाला. डाळ-तांदूळ मिळते तिथं, म्हणे. दोन शर्ट तंग झाले.”

कुसुमताई मटकन खुर्चीवर बसल्या. “अन् हे आता सांगून राहिला?” पदराने डोळे पुसले, हसल्या, पुन्हा पुसले. शर्ट तंग झाले म्हणजे पोरगं वाळलेलं नाही. एवढ्यासाठी त्यांचा जीव अडकला होता. बायकांनाच दिसतं म्हणणाऱ्या माझ्या नणंदेला ते यांच्याकडून कळलं, आणि तेही बुटाच्या नाड्या सोडताना.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “अन् तू वं? तुले मी डोळ्यानं पाहून ये म्हटलं होतं. तू काय पाह्यलं?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “केस दाट आहेत, ताई. भांग डावीकडेच पाडतो. भोवरा होता तिथंच आहे.”

कुसुमताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हणजे एवढ्या दूर जपानले जाऊन तू माह्या पोराची टाळू पाहून आली?”

“हो,” मी म्हणाले. “पण दोनदा.”